पद्मिनीच्या सुकाणूला विजेचा हात

कोरेगावसारख्या बाजारपेठेच्या गावातील जुन्या व्यापारी घरांची एक ठरलेली ठेवण असते. पुढे रस्त्याला लागून दुकान, मागे वखार, वर राहते घर आणि वखारीच्या एका कोपऱ्यात, घेवड्याच्या पोत्यांशेजारी, ताडपत्रीखाली झाकलेली मोटार. ही मोटार पुष्कळदा फियाट किंवा पद्मिनी असते. तिच्यातून घरातील मुलींची पाठवणी झालेली असते, कुंभोजगिरीच्या यात्रा झालेल्या असतात, पुण्या-मुंबईच्या खरेदीच्या फेऱ्या झालेल्या असतात. विकायची म्हटले तर कोणाचे मन होत नाही आणि चालवायची म्हटले तर कोणी पुढे येत नाही.

न चालवण्याचे कारण विचारले तर इंजिन, सुटे भाग, पेट्रोलचा खर्च अशी उत्तरे मिळतात. थोडे खोलात गेले की खरे कारण बाहेर पडते. स्टिअरिंग जड आहे. ज्यांनी ती गाडी तीस वर्षे हाकली त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे आणि खांदा साथ देत नाही. ज्यांचे वय चाळीस आहे त्यांना एका बोटाने फिरणाऱ्या चाकाची सवय झाली आहे. ते एकदा हौसेने पद्मिनी गल्लीतून मागे घेतात, घामाघूम होतात आणि ताडपत्री पुन्हा ओढतात. घरातील सुनांनी तर ती गाडी कधी हाती घेतलीच नाही. त्यांना वाहन चालवता येत नव्हते असे नव्हे. अरुंद गल्लीत उभ्या गाडीचे ते चाक फिरवण्यासाठी लागणारा जोर ही एक अडचण होतीच, आणि तिच्याबद्दल घरात कोणी फारसे बोलले नाही.

अशा गाडीला विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग बसवता येते. युरोपात जुन्या मोटारींचे शौकीन हे काम गेली अनेक वर्षे करीत आहेत, तेथे त्याचे तयार संचही मिळतात. आपल्याकडेही कसबी कारागीर हे करू शकतात. प्रश्न दोन आहेत. ते नीट कसे करावे, हा पहिला. आणि वडिलांच्या गाडीला असा हात लावावा की नाही, हा दुसरा. माझे मत आरंभीच सांगतो: लावावा, पण अशा रीतीने की पुढच्या पिढीला वाटले तर मूळ स्टिअरिंग जसेच्या तसे परत बसवता आले पाहिजे. ही एक अट पाळली की बाकीचे बहुतेक निर्णय आपोआप योग्य दिशेने जातात.

या गाडीचे आणि आपल्या मुलुखाचे नाते

पद्मिनीकडे परक्या देशातील गाडी म्हणून पाहण्याची चूक करू नये. ती तयार करणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केली. सोलापूरच्या गुजरातीभाषक जैन व्यापारी घराण्यात १८८२मध्ये जन्मलेल्या या माणसाने जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग परक्या सत्तेच्या काळात उभे करण्याचा ध्यास घेतला. मोटारीसाठी त्यांनी फोर्ड आणि क्रायसलर या दोन्ही अमेरिकी कंपन्यांशी बोलणी केली. जमले ते क्रायसलरशी. १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले, १९५४मध्ये फियाट ११०० आली, तिचीच सुधारलेली आवृत्ती १९६४च्या सुमारास 'डिलाइट' म्हणून रस्त्यावर उतरली, आणि १९७४पासून त्या गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले.

वालचंदांचे नाव सांगलीच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९४७मध्ये तेथे सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५पासून वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते, आणि आपल्या समाजातील कित्येक घरांत तेथे शिकलेला एखादा अभियंता असतो. कोरेगाव तालुक्याचा धागा मात्र विस्मृतीत चालला आहे. तालुक्यातील सातारारोड येथे, म्हणजे पाडळीस, सर धनजीशा कूपर यांनी उभा केलेला कूपर इंजिनिअरिंगचा कारखाना पुढे वालचंद समूहाकडे आला. नांगर आणि डिझेल इंजिने घडवणारा तो कारखाना. त्या परिसरात ओतकाम, कातकाम आणि इंजिनदुरुस्ती हाताशी असलेल्या माणसांची परंपरा तयार झाली. आज एखाद्या पद्मिनीचा स्टिअरिंगचा दांडा अचूक कातून घ्यायचा असेल तर मुंबई गाठण्यापूर्वी आपल्याच भागातील लेथवाल्यांकडे चौकशी करावी, असे मी म्हणतो ते या परंपरेच्या भरवशावर.

स्टिअरिंग जड का लागते

पद्मिनीचे वजन सुमारे नऊशे किलो आहे. त्यातील साधारण निम्मा भार पुढच्या दोन चाकांवर येतो. गाडी चालू असताना चाक फिरत असते, म्हणून त्याची दिशा बदलणे सोपे जाते. गाडी उभी असताना मात्र टायरचा जमिनीला टेकलेला भाग अक्षरशः रगडत वळवावा लागतो. जुन्या गाड्या चालवणारी मंडळी म्हणूनच उभ्या गाडीचे चाक कधी फिरवीत नसत. गाडी इंचभर तरी हलती ठेवून मगच वळवीत. ही सवय आजही उपयोगी आहे आणि फुकट आहे.

चालकाचे बळ वाढवण्यासाठी त्या काळच्या अभियंत्यांकडे दोनच साधने होती: मोठे चाक आणि स्टिअरिंगच्या पेटीतील दातांचे गुणोत्तर. म्हणून जुन्या गाड्यांचे चाक मोठे असते आणि ते पुष्कळ फिरवावे लागते. हौसेखातर पद्मिनीला लहान व्यासाचे 'स्पोर्ट' चाक लावणारे तरुण दिसतात. तरफेचा दांडा तोडून वर ओझे तेवढेच ठेवण्यासारखे ते आहे.

दुसरी गोष्ट टायरची. या गाडीसाठी मूळ टायर ५.२० मापाचे, १४ इंची रिंगवरचे होते, आणि तेही जुन्या तिरप्या धाग्यांच्या बांधणीचे. आज बहुतेकांनी रेडियल टायर बसवले आहेत, पुष्कळदा एक माप रुंद. रेडियल टायर वेगात अधिक स्थिर असतो, यात वाद नाही. पण उभ्या गाडीत तो जमिनीला अधिक चिकटून राहतो. म्हणजे वडिलांच्या वेळी गाडी जेवढी जड होती त्याहून ती आज जड झालेली असू शकते, आणि दोष वयाला दिला जातो.

आधी ग्रीस, मग मोटार

विजेचा विचार करण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. पद्मिनीच्या पुढच्या चाकांचे वळणे किंगपिनवर चालते. हे किंगपिन ठरावीक काळाने ग्रीस मागतात. वर्षानुवर्षे वखारीत उभ्या राहिलेल्या गाडीत जुने ग्रीस वाळून मेणासारखे होते, ग्रीस भरण्याच्या निपलांची तोंडे बुजतात आणि वरून पंप मारला तरी आत काही जात नाही. पुढची चाके जॅकवर उचलावीत आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. हवेत लोंबकळणारी चाकेही जड फिरत असतील तर दोष टायरचा नाही, किंगपिनचा, सांध्यांचा किंवा स्टिअरिंगच्या पेटीचा आहे. पेटीतील तेल बहुधा कोणी वर्षानुवर्षे पाहिलेले नसते.

किंगपिन धुऊन, निपल मोकळे करून, नवे ग्रीस भरून, पेटीत योग्य तेल घालून, चाकांची दिशा तपासून आणि टायरमध्ये योग्य हवा भरून गाडी पुन्हा चालवावी. कित्येक घरांत काम येथेच संपेल. नाही संपले तरी हे श्रम वाया जात नाहीत. कारण झिजलेल्या किंवा अडकलेल्या सांध्यांवर विजेची मोटार बसवली, तर मोटार तो दोष चालकाच्या हातापासून लपवते. हाताला सगळे हलके लागते आणि आत झीज चालूच राहते. सैल सांधे असलेल्या गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवून देणारा कारागीर कितीही नावाजलेला असला तरी त्याच्याकडे गाडी देऊ नये.

विजेचा हात म्हणजे काय

शक्तीच्या साह्याने स्टिअरिंग फिरवण्याची कल्पना शंभर वर्षे जुनी आहे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२०च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा तयार केली. तयार प्रवासी मोटारीत ती विक्रीसाठी आली १९५१मध्ये, क्रायसलरच्या इंपीरियल या गाडीत. वालचंदांनी ज्या कंपनीशी करार केला तीच ही क्रायसलर. तेलाच्या यंत्रणेला इंजिनवर चालणारा पंप, नळ्या आणि तेलाची टाकी लागते. अकराशे सीसीच्या लहान इंजिनावर हा बोजा कोणी टाकला नाही.

लहान गाडीचा प्रश्न विजेने सोडवला. १९८८मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत विजेच्या मोटारीवर चालणारे पॉवर स्टिअरिंग प्रथम आले. ज्या सुझुकीच्या मारुतीने १९८३नंतर आपल्या देशात पद्मिनीची बाजारपेठ ओढून नेली, तिच्याच घरातील ही कल्पना आता म्हाताऱ्या पद्मिनीला पुन्हा रस्त्यावर आणायला उपयोगी पडावी, हा योग मला मौजेचा वाटतो.

यंत्रणा समजायला कठीण नाही. चाकापासून खाली जाणारा दांडा मध्ये तोडून त्या जागी एक पातळ, पीळ खाणारी सळई बसवलेली असते. चालकाने चाक फिरवले की ही सळई किंचित पिळते. किती पिळली आणि कोणत्या बाजूला, हे एक संवेदक मोजतो आणि नियंत्रक पेटीला कळवतो. ती पेटी त्या प्रमाणात विजेच्या मोटारीला प्रवाह देते, आणि मोटार दातांच्या जोडीमार्फत त्याच दांड्याला त्याच दिशेने ढकलते. चालकाने जोर सोडला की पीळ सुटतो आणि मोटारही थांबते. म्हणजे स्टिअरिंग फिरवतो चालकच. मोटार फक्त हात लावते. वीज गेली तरी चाक आणि रस्ता यांतील लोखंडी नाते तुटत नाही. गाडी वळते, फक्त पूर्वीसारखी जड, किंबहुना बंद मोटारीच्या ओढीमुळे थोडी अधिक जड.

वॅगनआर, ऑल्टो, आय-टेन अशा लहान गाड्यांत ही मोटार डॅशबोर्डखाली, दांड्यालाच जोडलेली असते. म्हणूनच ती जुन्या गाडीत नेता येते. इंजिनाच्या बाजूला काही हलवावे लागत नाही आणि बॉनेट उघडून पाहणाऱ्याला बदल दिसतही नाही.

पद्मिनीत अडते कुठे

अडते ते गिअरपाशी. पद्मिनीचा गिअरचा दांडा, अगदी शेवटच्या काळातील काही गाड्या सोडल्या तर, स्टिअरिंगच्या दांड्याला लगटून आहे. जेथे विजेची मोटार बसायची त्याच जागेतून गिअरची जोडणी खाली जाते. शिवाय खाली ब्रेक आणि क्लचची पावले, आणि चालकाचा गुडघा. त्यामुळे 'एक दिवसात बसवून देतो' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गाडीत मोटार कोठे बसेल, गिअरची काडी कोणत्याही गिअरमध्ये तिला घासणार नाही ना, उंच माणसाचा गुडघा तिच्यावर आपटणार नाही ना, हे आधी पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा ठोकळा त्या जागी बांधून पाहावे. सुताराची ही रीत येथे चांगली उपयोगी पडते.

ॲम्बॅसडरची गोष्ट थोडी वेगळी. तिचे स्टिअरिंग रॅक आणि पिनियन प्रकारचे आहे आणि डॅशबोर्डखाली जागाही ऐसपैस. आपल्याकडे ज्यांच्या घरी ॲम्बॅसडर आहे त्यांचे काम तुलनेने सोपे आहे, एवढे सांगून पुढे जातो.

सर्वांत जबाबदारीचे काम दांडा जोडण्याचे. नवी मोटार मध्ये बसवायची तर वर आणि खाली दांड्याचे तुकडे जोडावे लागतात. येथे घरातील मूळ दांडा कापू नये. भंगार बाजारात त्याच जातीचा दुसरा दांडा शोधावा आणि कापाकापी त्याच्यावर करावी. मूळ दांडा, त्याचे ब्रॅकेट आणि बोल्ट तेलाच्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावेत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वह्या आणि चोपड्या जपल्या त्यांना ही शिस्त शिकवावी लागू नये. मोटार ज्यावर टेकते ते ब्रॅकेट गाडीच्या मूळ छिद्रांतच बोल्टने बसले पाहिजे. पत्र्याला नवे छिद्र किंवा झाळ नको. असे केले तरच ती 'परत करता येण्याची' अट खऱ्या अर्थाने पाळली जाते.

जोडकाम करणारा माणूस निवडताना स्वस्ताई पाहू नये. दांड्यावरची झाळ तुटली तर गाडी वळतच नाही, आणि अशा वेळी ब्रेक हा एकच आधार उरतो. दांड्याच्या दोन टोकांत आतून किंवा बाहेरून घट्ट बसणारी नळी घालून, मग ती झाळून, शिवाय आरपार खिळ घालून केलेला जोड हवा. नुसती टोकाला टोक लावलेली झाळ कदापि नको. मध्ये सार्वत्रिक सांधे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'क्रॉस', घालावे लागले तर दोन्ही क्रॉस एकाच रेषेत फिरले पाहिजेत. ते एकमेकांशी चुकीच्या कोनात बसले तर चाक एका फेऱ्यात दोनदा हलके आणि दोनदा जड लागते.

विजेचा ताळेबंद

व्यापाऱ्याच्या घरात जमा-खर्चाची भाषा लवकर पटते, म्हणून विजेचा हिशेब मांडतो. लहान गाडीची ही मोटार उभ्या गाडीचे चाक पूर्ण फिरवताना क्षणभर तीस-चाळीस अँपिअर प्रवाह ओढू शकते. १२ व्होल्टच्या गाडीत ४० अँपिअर म्हणजे ४८० वॅट. आता जमेची बाजू. जुन्या फियाटना विजेसाठी डायनमो असे आणि त्याची क्षमता दोनशे वॅटच्या आसपास. तीही इंजिन वेगात असताना. इंजिन सावकाश चालते तेव्हा डायनमो जवळजवळ काहीच देत नाही. आणि पॉवर स्टिअरिंगची गरज नेमकी तेव्हाच असते, गाडी लावताना, गल्लीतून काढताना, बाजाराच्या दिवशी गर्दीत मुंगीच्या पावलाने चालताना. त्यात रात्र असेल तर दिव्यांचा खर्च वेगळा.

म्हणजे सारी तूट बॅटरीवर पडते. ही उधारी दोन-चार वेळा भागते, नंतर गाडी बंद पडते. म्हणून डायनमो असलेल्या गाडीत प्रथम अल्टरनेटर बसवावा. नंतरच्या पद्मिनींत तो मूळचाच आहे, पण त्याची क्षमता तपासून घ्यावी. बॅटरी चांगली भक्कम घ्यावी. मोटारीची मुख्य तार किल्लीच्या स्विचमधून नेऊ नये. चाळीस वर्षांचा तो स्विच एवढा प्रवाह सोसणार नाही आणि डॅशबोर्डमागे जळका वास येईल. बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, सहा ते दहा चौरस मिलिमीटरची, बॅटरीलगतच फ्यूज, आणि इंजिन चालू झाल्यावरच मोटारीला वीज देणारा रिले, ही मांडणी योग्य. जमिनीची, म्हणजे अर्थची, तारही तेवढीच जाड हवी आणि ती रंग खरवडून स्वच्छ पत्र्याला जोडावी. पुष्कळ तक्रारींचे मूळ मोटारीत नसून या एका गंजक्या बोल्टमध्ये सापडते.

चाक किती हलके असावे

भंगारातून आणलेल्या यंत्रणेची एक अडचण आधी समजून घ्यावी. नव्या गाडीत नियंत्रक पेटीला गाडीचा वेग कळत असतो. वेग कमी असेल तेव्हा ती भरपूर मदत करते, वेग वाढला की मदत आखडती घेते. पद्मिनीत वेगाची ही खबर देणारे कोणी नाही. तिचे वेगमापक केबलवर चालते. खबर मिळाली नाही की काही पेट्या मदत देणेच बंद करतात, काही एक ठरावीक मधली मदत देत राहतात. परदेशी संचांत आणि काही देशी नियंत्रकांत डॅशबोर्डखाली एक कळ असते, ती फिरवून मदत कमी-जास्त करता येते.

या कळीचा मोह वाईट. पहिल्या दिवशी सगळेच ती शेवटपर्यंत फिरवतात, कारण बोटाने फिरणाऱ्या चाकाची नवलाई असते. पण जुन्या गाडीची पुढच्या चाकांची ठेवण हाताच्या जोरावर वळवायच्या हिशेबाने केलेली आहे. वळल्यानंतर चाके आपणहून सरळ येण्याची ओढ त्यांत मुळातच माफक ठेवलेली असते, नाही तर स्टिअरिंग आणखी जड झाले असते. त्या माफक ओढीवर मोटारीचे आणि तिच्या दातांचे घर्षण येऊन बसले की चाक वळणावरून स्वतः परत येण्याची टाळाटाळ करते. सातारा रस्त्यावर साठच्या वेगात असे सुस्त, रस्त्याची काहीच खबर न देणारे चाक जड चाकापेक्षा धोक्याचे आहे. गाडी उभी असताना दोन्ही हातांनी सहज, पण थोडा जोर लावून चाक फिरावे, एवढीच मदत ठेवावी आणि मग त्या कळीला हात लावू नये. वेग ओळखून मदत कमी करणारा नियंत्रक मिळत असेल तर जादा पैसे मोजून तोच घ्यावा. वेगमापकाच्या केबलवर बसणारा छोटा संवेदक त्याला वेगाची खबर देऊ शकतो.

पहिली चाचणी आठवडी बाजार नसलेल्या दिवशी, पहाटे, मोकळ्या मैदानात घ्यावी. त्यात एकदा मुद्दाम फ्यूज काढून गाडी चालवून पाहावी. मदत नसताना चाक कसे लागते हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, घरातील ज्येष्ठांना विशेषतः, ठाऊक असले पाहिजे. ज्याला त्या अवस्थेत गाडी रस्त्याच्या कडेला घेता येत नाही, त्याने ती एकट्याने चालवू नये.

कायदा आणि कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ लावला. नोंदणी-पुस्तकात इंजिन, चॅसी, बांधणी, रंग, आसने यांची नोंद असते. स्टिअरिंगच्या मदतीची नोंद नसते. एवढ्यावरून स्वतःच अर्थ लावून मोकळे होऊ नये. परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करून उत्तर घ्यावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघात झालाच तर 'आम्हाला सांगितले नव्हते' हे वाक्य फार महाग पडते.

दुसरी बाब ज्यांच्या गाड्या अधिक जुन्या आहेत त्यांच्यासाठी. १५ जुलै २०२१च्या अधिसूचनेने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. १९७४ची पद्मिनी आता या वयाला पोहोचली आहे. पण या नोंदणीत दोन गाठी आहेत. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, चॅसी, बांधणी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, ही पहिली. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशाच कारणांसाठी, ही दुसरी. ज्यांना गाडी मिरवणुकीसारखी वर्षातून दोनदा काढायची आहे त्यांनी व्हिंटेज नोंदणी घ्यावी आणि स्टिअरिंग मूळचेच ठेवावे. ज्यांना वडिलांना घेऊन दर रविवारी बाहेर पडायचे आहे त्यांच्यासाठी साधी नोंदणी आणि विजेची मदत हा मार्ग आहे. दोन्ही हेतू एका गाडीत कोंबू नयेत.

वडिलांची गाडी, मुलाचा निर्णय

मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांचा मी आदर करतो. गाडीतील प्रत्येक नट त्या काळाचा साक्षीदार आहे, त्याला हात लावला की साक्ष खोटी होते, असे ते म्हणतात. संग्रहालयातील गाडीबाबत हे सर्वथा खरे आहे. पण वखारीतील पद्मिनी संग्रहालयात नाही. ती चालत नाही तेव्हा तिच्या ब्रेकच्या नळ्यांत पाणी धरते, टाकीत गंज पडतो, रबरे चिरतात, उंदीर तारा कुरतडतात. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३अखेर ती बाद झाली. आता उरल्या आहेत त्या घराघरांतल्या. त्या टिकायच्या तर त्या चालल्या पाहिजेत, आणि चालायच्या तर त्या चालवणाऱ्याला झेपल्या पाहिजेत.

यात ज्येष्ठांचा प्रश्न नाजूक आहे. आपल्या समाजात मधुमेहाचे प्रमाण थोडे नाही, आणि मधुमेह्यांत खांदा आखडण्याचा विकार अधिक आढळतो हे डॉक्टर सांगतात. मन शाबूत, नजर शाबूत, फक्त खांदा वर होत नाही, अशा माणसाच्या हातून गाडी सुटते तेव्हा पुष्कळ काही सुटते. उपाश्रयात जायला, बाजार समितीत चक्कर टाकायला, जुन्या मित्राच्या गावी जायला दर वेळी कोणाला तरी 'सोडतोस का रे?' असे विचारावे लागते. ज्याने चाळीस वर्षे पेढी चालवली त्याला हे विचारणे जड जाते, चाकाहूनही जड. अशा माणसासाठी विजेची मदत बसवण्यात मला कसलाही अपराध दिसत नाही.

मात्र नजर किंवा प्रतिसाद मंदावला असेल तर हलके चाक ही दया नव्हे. वयाच्या ५५ वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. त्या वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र ओळखीच्या माणसाकडून सही करून आणण्याची रीत आपल्याकडे आहे. ती सोडून खरोखरीची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टर 'नको' म्हणाले तर चाकावर सुनेने किंवा नातीने बसावे. चाक आता त्यांनाही झेपणारे आहे.

काम पूर्ण झाल्यावर गाडीच्या कागदांच्या पाकिटात एक फाइल वाढवावी. मोटार कोणत्या गाडीची, कोणत्या वर्षाची, कोणी बसवली, तारांची आकृती, फ्यूज कोठे आहे आणि किती अँपिअरचा, परिवहन कार्यालयाचे उत्तर, विमा कंपनीचे पत्र, काम सुरू होण्यापूर्वी आणि नंतर काढलेली छायाचित्रे, आणि मूळ दांडा माळ्यावर कोणत्या बाजूला ठेवला आहे त्याची नोंद, तारीख आणि सहीसह.